छोट्या गावातली एपिस्कोपल पॅरिश ओळखायची कशी : तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या छोट्या गावात राहायला गेलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं चर्चच्या बाबतीत बहुतेकदा एकाच ठिकाणी अडतात. पहिल्या रविवारी उपासनेला जातात. चाळीस-पन्नास माणसं, त्यातली बरीचशी साठी-सत्तरीची. पुस्तकांची पानं शोधण्यात अर्धी उपासना जाते आणि संपल्याबरोबर मंडळी गाडीत बसतात. त्यानंतर जाणं होतं ते थेट बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख मागायला, कारण आजी-आजोबांचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं असतं. हवी ती तारीख मिळत नाही, मन खट्टू होतं आणि ‘इथले लोक थंड आहेत’ असं ठरून जातं. खरं तर क्रम उलटा झालेला असतो. आधी ओळख, मग सहभाग, मग मागणी, या क्रमाने गेलं तर हीच पॅरिश, म्हणजे गावातली स्थानिक मंडळी, पुष्कळ वेगळी दिसते.

हा लेख मुख्यतः चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सीएनआयच्या मंडळ्यांतून गेलेल्यांसाठी आहे. १९७० साली नागपुरात स्थापन झालेली सीएनआय आणि अमेरिकेतली एपिस्कोपल चर्च या दोन्ही अँग्लिकन कम्युनियनच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या चर्चच्या जागतिक कुटुंबाच्या, सदस्य आहेत, त्यामुळे पुणे, नाशिक किंवा अहिल्यानगरहून गेलेल्या माणसाला ही उपासना अगदीच परकी वाटत नाही. शेजाऱ्याच्या आमंत्रणावरून जाणाऱ्या इतर मराठी लोकांनाही पहिले पाच टप्पे तसेच वापरता येतील. कमिन्स या इंजिन कंपनीमुळे पुण्याहून इंडियानातल्या कोलंबसला जाऊन राहिलेल्यांना अशी आमंत्रणं नवीन नसतील.

टप्पा १ : घरी बसून करायची तयारी

आधी चर्च नक्की कोणती, याची खात्री करा. पाटीवर ‘अँग्लिकन’ लिहिलेलं प्रत्येक चर्च एपिस्कोपल नसतं. २००९ साली स्थापन झालेली ‘अँग्लिकन चर्च इन नॉर्थ अमेरिका’ ही वेगळी संस्था आहे. एपिस्कोपल चर्चची खूण म्हणजे ढाल : पांढऱ्यावर लाल क्रूस आणि कोपऱ्यात निळा चौकोन. गावाच्या वेशीवर किंवा मुख्य रस्त्यावर ‘द एपिस्कोपल चर्च वेलकम्स यू’ अशी पाटीही बऱ्याचदा असते. नकाशावर शोधायचं तर ‘एपिस्कोपल अॅसेट मॅप’ उपयोगी पडतो.

मग पॅरिशच्या वेबसाइटवर तीन गोष्टी बघा.

पहिली, धर्मगुरूचं पद. रेक्टर म्हणजे पॅरिशच्या व्हेस्ट्रीने, म्हणजे निवडून आलेल्या कारभारी मंडळाने, निवडलेला कायमचा पाळक. व्हिकार बहुधा मिशन मंडळीत असतो, म्हणजे बिशपच्या थेट देखरेखीखालच्या मंडळीत. प्रीस्ट-इन-चार्ज आणि इंटरिम यांची नेमणूक ठरावीक मुदतीची असते. ‘सप्लाय’ लिहिलं असेल तर दर रविवारी वेगळी व्यक्ती येऊ शकते, आणि अशा ठिकाणी पॅरिशची खरी माहिती वॉर्डनकडेच, म्हणजे मंडळीतल्या मुख्य पदाधिकाऱ्याकडेच, मिळते.

दुसरी, आधीच्या काही आठवड्यांची बुलेटिन्स, म्हणजे रविवारच्या उपासनेची छापील पत्रकं. कामांच्या यादीत कोणाची नावं परत परत येतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना कशी मागतात, आठवड्यात काय काय चालतं, हे त्यातून कळतं.

तिसरी गोष्ट फारसं कोणी बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. पॅरिश नव्या रेक्टरच्या शोधात असेल, किंवा नुकताच शोध संपला असेल, तर ‘पॅरिश प्रोफाइल’ नावाचा दस्तऐवज मिळतो का पाहा. त्यात ही माणसं स्वतःबद्दल लिहितात : आम्ही किती जण, पैसा किती, इमारतीची अवस्था काय, पूर्वी कशावरून वाद झाले, पुढे काय हवं आहे. शिवाय एपिस्कोपल चर्च प्रत्येक मंडळीचे सभासदसंख्या, उपस्थिती आणि देणग्यांचे वर्षवार आलेख प्रसिद्ध करते. तेही पाहून ठेवा. उतरती रेघ दिसली म्हणून पॅरिश बाद करू नका. ती बऱ्याच छोट्या गावांत दिसते आणि तिच्या जोडीला गावाचीच लोकसंख्या घटत असते.

भारतातून निघण्याआधी कागद जमवा. आपल्या पाळकांकडून बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी घ्या. दृढीकरण बिशपच्या हातून झालं असेल तर तसा स्पष्ट उल्लेख हवा, कारण पुढे नोंदणीच्या वेळी हाच प्रश्न येतो. मंडळीचे सभासद असल्याचं एक पत्रही सोबत असू द्या.

*तपासणी : उपासनेची वेळ वेबसाइटवर आणि फेसबुक पानावर सारखीच आहे का? वेगळी दिसली तर ऑफिसला ईमेल करा. छोट्या पॅरिशचं ऑफिस आठवड्यातून दोन-तीन दिवस, तेही काही तासच उघडं असतं. फोन उचलला नाही याचा वेगळा अर्थ काढू नका.*

टप्पा २ : पहिला रविवार निवडणं

नाताळची संध्याकाळ आणि ईस्टर हे दिवस पहिल्या भेटीसाठी टाळा. चर्च भरलेलं असतं, पण त्यातले बरेच जण बाहेरगावाहून आलेले नातेवाईक असतात. जुलै-ऑगस्टमध्ये धर्मगुरू सुट्टीवर, गायकवृंद बंद आणि निम्मी माणसं तळ्याकाठी. नाताळनंतरच्या रविवारीही तीच गत. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा, किंवा जानेवारीच्या मध्यापासून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू होईपर्यंतचा साधा रविवार उत्तम.

दोन उपासना असतील तर सकाळी आठची बहुधा जुन्या इंग्रजीतली, म्हणजे राइट वनची, आणि संगीताविना असते. ज्यांना शांतता हवी ते तिथे येतात आणि लगेच घरी जातात. ओळख व्हायची असेल तर दहा-साडेदहाच्या उपासनेला जा.

*इशारा : मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं बदलतात. मार्चमध्ये विसरलात तर पोहोचेपर्यंत आशीर्वाद झालेला असतो. हिवाळ्यात बर्फामुळे उपासना रद्द होते, म्हणून निघण्याआधी ईमेल बघा.*

टप्पा ३ : उपासनेत बसणं

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. दारात स्वागताला उभा असलेला अशर बुलेटिन देईल. ‘पहिल्यांदाच आलोय’ असं त्यालाच सांगा, म्हणजे पुढचं बरंच सोपं होतं. चपला-बूट काढायचे नाहीत. मध्यापासून थोडं मागे, मधल्या वाटेच्या कडेला बसा. अगदी शेवटच्या बाकावर बसलात तर कधी उठायचं, कधी बसायचं हे बघायला पुढे माणसं असतात खरी, पण तुमच्याशी बोलायला शेजारी कोणी नसतं.

समोरच्या खाचेत दोन पुस्तकं असतात. लाल किंवा काळं ते १९७९चं ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’, आणि बहुधा निळं ते ‘हिम्नल १९८२’. आता सगळ्यांची जिथे फसगत होते ती जागा. भिंतीवरच्या फळीवर गीतांचे आकडे असतात. नुसता आकडा, म्हणजे गीत. पण बुलेटिनमध्ये आकड्याआधी ‘एस’ हे अक्षर असेल, उदाहरणार्थ एस २८०, तर ते उपासनेचं संगीत, आणि ते निळ्या पुस्तकाच्या पुढच्या भागात स्वतंत्र छापलेलं असतं. २८० क्रमांकाचं गीत उघडून बसलात तर आजूबाजूचे भलतंच काही गात आहेत असं वाटेल.

प्रार्थनापुस्तकात आजच्या इंग्रजीतली पवित्र सहभागिता (प्रभुभोजनाची उपासना), राइट टू, पान ३५५वर सुरू होते. नायसीन विश्वासांगीकार ३५८वर. स्तोत्रं ५८५पासून. वेदीवरच्या मुख्य प्रार्थनेचे चार पर्याय आहेत : ए ३६१वर, बी ३६७वर, सी ३६९वर आणि डी ३७२वर. यांपैकी कुठलीही म्हटली तरी प्रभूच्या प्रार्थनेसाठी सगळे पान ३६४वर येतात. म्हणून बसल्याबसल्या ३६४वर बुलेटिनची घडी खूण म्हणून ठेवा. पुढे सरकलेले लोक अचानक मागे का आले, हा गोंधळ होत नाही. प्रभूची प्रार्थना मनातल्या मनात मराठीत म्हटलीत तरी काही बिघडत नाही. काही पॅरिश सगळा मजकूर बुलेटिनमध्येच छापतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

गाताना उभं राहायचं, ऐकताना बसायचं, प्रार्थनेला गुडघे टेकायचे किंवा उभं राहायचं, असा साधारण रिवाज आहे. गुडघे दुखत असतील तर बसून राहा.

मध्यस्थीच्या प्रार्थना आणि पापकबुली झाली की शांतीची देवाणघेवाण होते. छोट्या पॅरिशमध्ये हे प्रकरण लांबतं. लोक बाक सोडून हिंडतात, एकमेकांची तब्येत विचारतात. जागेवर खिळून राहू नका. हस्तांदोलन करा, हात जोडलेत तरी चालेल.

मग प्रभुभोजन. एपिस्कोपल चर्चच्या नियमानुसार बाप्तिस्मा झालेल्या कुठल्याही पंथाच्या ख्रिस्ती व्यक्तीला ते घेता येतं. काही पॅरिश बाप्तिस्मा न झालेल्यांनाही बोलावतात, ते बुलेटिनमध्ये लिहिलेलं असतं. वेदीपुढच्या कठड्यापाशी डाव्या तळहातावर उजवा तळहात ठेवून हात पुढे करा, भाकर मिळाली की ‘आमेन’ म्हणा. प्याला येतो तेव्हा त्याच्या बुडाला हात लावून तो अलगद ओठांशी आणायचा असतो. त्यात वाइन असते. नको असेल तर हात छातीवर फुलीसारखे ठेवा, फक्त भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण मानलं जातं. काहीच घ्यायचं नसेल, तर पुढे जाऊन सुरुवातीपासूनच तसे हात ठेवले की आशीर्वाद मिळतो. हिंदू पाहुण्यांनी बाकावर बसून राहणंही पूर्णपणे सभ्य मानलं जातं.

*इशारा : वेदीपाशी स्त्री धर्मगुरू दिसेल, बाकावर मुलाबाळांसह आलेलं समलिंगी जोडपं दिसेल. एपिस्कोपल चर्चने १९७६ साली स्त्रियांना प्रीस्ट होण्याची वाट मोकळी केली आणि २०१५ साली समलिंगी विवाहाला जागा दिली. तुमचं मत काहीही असो, हे आधी माहीत असू द्या, आणि पहिल्याच भेटीत त्यावर वाद काढू नका.*

टप्पा ४ : कॉफी अवर

उपासना संपली की पार्किंगकडे वळायचं नाही. पॅरिश हॉलमध्ये कॉफी असते, आणि अशा छोट्या ठिकाणी अर्धी पॅरिश तिथेच कळते. दारात धर्मगुरूशी हात मिळवताना लांब बोलणं काढू नका, मागे रांग असते. फक्त नाव सांगा आणि ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?’ असं विचारा. कुणाला ‘फादर’ आवडतं, कुणाला ‘मदर’, कुणाला नुसतं पहिलं नाव. आपल्याकडे पाळकांना ‘रेव्हरंड साहेब’ म्हणतात तसं ‘रेव्हरंड’ म्हणून तोंडावर हाक मारायची इथे पद्धत नाही.

हॉलमध्ये कप घेऊन कोपऱ्यात उभं राहू नका. भांडी विसळणाऱ्या किंवा टेबलं पुसणाऱ्या माणसाजवळ जा आणि एक फडकं हातात घ्या. त्या माणसाला पॅरिशची खडान्‌खडा माहिती असते. सीनियर वॉर्डन कोण, ज्युनियर वॉर्डन कोण, हे विचारून घ्या. सीनियर वॉर्डन रेक्टरचा उजवा हात, आणि ज्युनियर वॉर्डनकडे बहुधा इमारत, छप्पर, बॉयलर यांची जबाबदारी.

विचारायला चांगले प्रश्न : तुम्ही इथे कधीपासून येता? आठवड्यात इथे काय चालतं? खाली तळघरात कोण भेटतं? टाळायचे प्रश्न : पगार, वय, ‘तरुण माणसं का नाहीत?’ शेवटचा प्रश्न त्यांना सगळे विचारतात आणि तो लागतो.

नवागताचं कार्ड भरा. ईमेल लिहिताना अक्षर सुटं काढा, आणि नावाचा उच्चार कसा करायचा ते शेजारी लिहा.

*तपासणी : घरी आल्यावर तीन जणांची नावं आठवतात का? नसतील तर लगेच बुलेटिनच्या मागच्या बाजूला, आठवतील तेवढी लिहून ठेवा.*

टप्पा ५ : सलग दोन महिने, एकच उपासना, एकच जागा

एका रविवारावरून मत बनवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आज प्रवचन रटाळ झालं असेल, ऑर्गन वाजवणारा आजारी असेल. साधारण दोन महिने त्याच वेळी, शक्यतो त्याच बाकाच्या आसपास बसा. छोट्या गावात लोक तुम्हाला जागेवरून ओळखतात, आणि एखाद्या रविवारी आला नाहीत तर कुणीतरी विचारतं. विचारलं की समजा, ओळख सुरू झाली.

या काळात आठवड्यातल्या एका दिवशीही जा. शनिवारी आल्टर गिल्डच्या बायका चांदीची भांडी पुसतात, वेदीवरची वस्त्रं इस्त्री करतात. एखाद्या संध्याकाळी गायनाचा सराव असतो. तळघरात व्यसनमुक्तीच्या सभा भरतात, मागच्या खोलीत अन्नवाटप चालतं. गावातल्या किती तरी लोकांना चर्च माहीत असतं ते या मागच्या दारामुळे. पॅरिशचा स्वभाव मला तरी रविवारपेक्षा अन्नवाटपाच्या रांगेत जास्त स्पष्ट दिसतो : कोण नावाने हाक मारतं, कोण नुसतीच पिशवी पुढे करतं.

पॉटलक म्हणजे आपापल्या घरून पदार्थ आणून केलेलं एकत्र जेवण. इथे आपली मंडळी उत्साहात चुका करतात. पोहे, उपमा, पुरी हे तासाभरात गार होऊन वाया जातं. मसालेभात क्रॉकपॉटमध्ये न्या, बटाट्याची सुकी भाजी न्या, तिखट निम्म्यावर आणा. पदार्थाशेजारी कार्डावर घटक लिहा, शेंगदाणा, काजू, दूध, गहू यांचा उल्लेख चुकवू नका. वाढायचा चमचा सोबत हवाच. भांड्याच्या बुडाला मास्किंग टेप लावून आडनाव लिहा, नाहीतर ते भांडं स्वयंपाकघराच्या कपाटात कायमचं जाऊन बसतं. आणि रिकामं भांडं उचलून लगेच निघू नका, खुर्च्या आवरायला थांबा.

टप्पा ६ : काम मागून घेणं

दोन महिन्यांनी धर्मगुरूंची अर्ध्या तासाची वेळ घ्या. ‘आम्हाला काय मिळेल’ याने सुरुवात करू नका, ‘कुठे माणूस कमी पडतो’ असं विचारा. उत्तर तयारच असतं. शास्त्रपाठ वाचणं, अशर, कॉफीची पाळी, हिरवळ कापणं, हिशेब तपासणं.

वाचन घेतलंत तर उतारा आधी घरी मोठ्याने वाचा आणि उपासनेआधी मायक्रोफोनवर दोन ओळी म्हणून बघा. आपले उच्चार लोकांना समजतात, वेग समजत नाही. हळू वाचा.

मुलांबरोबर काम करायचं असेल तर ‘सेफ चर्च’ हे मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची चौकशी यांतून जावं लागतं. हा अविश्वास नव्हे, गावात तीस वर्षं राहिलेल्यालाही तोच नियम आहे.

*इशारा : पहिल्याच वर्षी पाच कामं अंगावर घेऊ नका. छोट्या पॅरिशला नवा तरुण माणूस दिसला की सगळ्या याद्यांवर त्याचं नाव चढतं. एक काम घ्या आणि ते वर्षभर नेमाने करा.*

टप्पा ७ : पैसा आणि वार्षिक सभा

पाहुण्याकडून देणगीची अपेक्षा नसते. थाळी आली आणि काही टाकलं नाही तरी कोणी बघत नाही. पण आपली पॅरिश म्हणायची तर तिच्या हिशेबाकडे पाठ फिरवता येत नाही. शरद ऋतूत प्लेज कार्ड येतं. पुढच्या वर्षात साधारण किती देऊ याचा तो अंदाज असतो, त्यावर अंदाजपत्रक बसवतात. नोकरी गेली, परिस्थिती बदलली तर खजिनदाराला कळवून आकडा कमी करता येतो. झेपेल तेवढाच लिहा, पण लिहा. छोट्या पॅरिशला नुसत्या रविवारच्या नोटांपेक्षा लिहून दिलेला लहान आकडा जास्त उपयोगी पडतो.

वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या आसपास होते. मतदानाचा हक्क नसला तरी जाऊन बसा आणि अहवालातली चार पानं लक्ष देऊन वाचा : प्लेजची रक्कम, जुन्या ठेवींतून दरवर्षी किती काढतात, डायोसीसला, म्हणजे बिशपच्या विभागाला, किती जातं, इमारतीवर किती खर्च होतो. ठेवींतून काढलेली रक्कम प्लेजच्या जवळ पोहोचली असेल, तर धर्मगुरू अर्धवेळ का आणि छपराची चर्चा दर महिन्याला का, याचा उलगडा तिथेच होतो. प्रश्न विचारायचाच असेल तर सभेनंतर खजिनदाराला एकट्याला गाठा.

टप्पा ८ : नोंदणी, बाप्तिस्मा, दृढीकरण

आता मागण्या करायची वेळ. भारतातून आणलेले दाखले आणि पत्र ऑफिसमध्ये द्या आणि रजिस्टरमध्ये नाव चढवून घ्या. एपिस्कोपल नियमांत मागच्या वर्षात किमान तीनदा प्रभुभोजन घेतलेल्या सभासदाला ‘कम्युनिकंट’ म्हणतात, आणि १६ वर्षांच्या आणि त्यावरच्यांना त्यात प्रौढ धरतात. मताधिकार बहुधा यावरच बेतलेला असतो, म्हणून पहिल्या दिवसापासूनची तुमची हजेरी इथे कामी येते. पूर्ण सहभागितेत असलेल्या, म्हणजे एकमेकांचे संस्कार मान्य करणाऱ्या, चर्चच्या बिशपने केलेलं दृढीकरण परत करावं लागत नाही. ते कसं नोंदवायचं, किंवा पाळकांनी केलेल्या दृढीकरणाचं काय, हे धर्मगुरूंना कागद दाखवून विचारा. बिशपची प्रत्येक मंडळीला तीन वर्षांत किमान एक भेट व्हावी असा नियम आहे, तेव्हा पुढची भेट कधी हेही टिपून घ्या.

बाळाचा बाप्तिस्मा कुठल्याही सोयीच्या शनिवारी घरगुती करून मिळेल, असं धरून चालू नका. तो रविवारच्या मुख्य उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर होतो. प्रार्थनापुस्तक त्यासाठी खास प्रसंग सुचवतं : ईस्टरच्या आदल्या रात्रीचं जागरण, पेंटेकॉस्ट, ऑल सेंट्स, एपिफनीनंतरचा पहिला रविवार, आणि बिशपची भेट. आधी पालकांची तयारीही करून घेतात, आणि निदान एक बाप्तिस्मा झालेली व्यक्ती धर्मपालक म्हणून लागते. म्हणून आजी-आजोबांची तिकिटं काढण्याआधी, निदान सहा महिने अगोदर, धर्मगुरूंशी तारीख ठरवा. मग तिकिटं काढा.

लग्नासाठी निदान ३० दिवस आधी कळवणं आणि दोघांपैकी एकाचा बाप्तिस्मा झालेला असणं बंधनकारक आहे. आंतरधर्मीय जोडप्यांनी हे मनात धरून वेळेत बोलावं.

टप्पा ९ : गाव सोडताना

बदली झाली की आपण घर रिकामं करतो, बँकेला कळवतो आणि चर्च विसरतो. निघण्याच्या महिनाभर आधी धर्मगुरूंना आणि वॉर्डनला सांगा. वाचनाच्या किंवा कॉफीच्या पाळ्यांवरचं नाव काढून दुसरं कोण ते ठरवून द्या. हॉलच्या किल्ल्या आणि गायकवृंदाचा झगा परत करा, प्लेज कुठपर्यंत भरणार ते खजिनदाराला लिहून कळवा. आणि नव्या गावातल्या मंडळीच्या नावे बदलीचं पत्र मागा. नवी मंडळी अजून ठरली नसेल तर तसं सांगा, ठरली की ईमेल करा, ऑफिस पत्र परस्पर पाठवतं.